सरकारजमा झालेला एडका

माझी बायको सासरी आली ती एडका घेऊन. चौसाळ्याहून वऱ्हाड बैलगाड्यांतून आलं, आणि शेवटच्या गाडीमागं, दोरी नाही की दावं नाही, काळ्या तोंडाचा, दोन वेढे घेतलेल्या शिंगांचा एक एडका तिच्या पदराकडं बघत चालत आला. तो आठ दिवसांचा असताना त्याच्या आईला लांडग्यानं नेलं होतं. हिनं त्याला शेळीच्या दुधावर, मांडीवर घेऊन वाढवला. माहेरच्यांनी त्याला ठेवून घ्यायचं ठरवलं होतं, तर त्यानं कुडाची भिंत पाडली आणि गाडी गाठली. शेवटी सासरे माझ्या वडिलांना म्हणाले, "पाव्हनं, पोरगी दिली, आता ह्यालाबी पदरात घ्या."

आम्ही मेंढरंवाले. गाव पाटोद्यापासून दोन कोसांवर, डोंगराच्या कुशीत. थोडी जमीन होती, त्यात ज्वारी आणि हुलगा व्हायचा. बाकी पोट मेंढरांवर. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होतो. घरात आबा, म्हणजे माझे वडील, आई, आणि आम्ही दोघं नवी माणसं. नव्या नवऱ्यानं दिवसाढवळ्या बायकोशी बोलायचं नाही अशी तेव्हा रीत. बोललं तर आई काही म्हणायची नाही, पण आबा इतक्या जोरात खाकरायचे की शेजारचं कुत्रं उठायचं.

मग मी एडक्याशी बोलायला लागलो.

एडका ओसरीच्या खांबापाशी बसलेला असायचा. मी जेवून हात धुताना त्याला म्हणायचो, "काय बे, आज कालवण लई तिखट हुतं, न्हाई?" एडका रवंथ करायचा. आणि आतून, चुलीपासून, कुणाचंच नाव न घेता उत्तर यायचं, "ज्याला तिखट लागतं त्यानं ताक प्यावं. एडक्यानं तक्रार केली न्हाई अजून." मी हसू दाबत बाहेर पळायचो. सात महिने आमचा संसार असा एडक्याच्या मध्यस्थीनं चालला होता. उद्या रानात कोण येणार, आई रागावली आहे का, चौसाळ्याला कधी जायचं, सगळं त्याला विचारायचं. त्याच्याइतका समजूतदार प्राणी मी पुन्हा पाहिला नाही. इतरांशी मात्र तो वाईट वागायचा. कुणी समोर ताठ उभं राहिलं की तो चार पावलं मागं सरायचा, आणि मग मान खाली घालून यायचा.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं, पण निजाम काही आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. आमच्यापुरतं सरकार म्हणजे पाटोद्याचे अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे अधिकारी, आणि पितळी बिल्ला लावलेला त्यांचा चपराशी. साहेब दौऱ्यावर निघाले की चपराशी एक दिवस आधी गावात यायचा. दारात कोंबडी दिसली की काठीनं दाखवायचा, "ही." कुणाची बाज, कुणाची नवी वाकळ, कुणाच्या म्हशीचं दूध. कुणाचे बैल गाडीसकट वेठीला न्यायचे, मग पेरणी असो की काढणी. आमच्या घरचं एक कोकरू ठरलेलं. ते पोचवायला आबा स्वतः जायचे आणि वर हात जोडून म्हणायचे, "गरिबाची भेट गोड करून घ्या, हुजूर." आपलीच वस्तू देऊन आपणच माफी मागायची, याची मला लहानपणापासून इतकी सवय होती की त्यात काही उलटं आहे हे डोक्यात आलंच नाही.

ते माझ्या बायकोच्या डोक्यात आलं.

हुरड्याचे दिवस होते. अमीनसाहेबांचा मुक्काम गावाबाहेरच्या आमराईत पडला होता. आबा कोकरू देऊन आले, सुटलो असं म्हणून टेकले, तेवढ्यात साहेब स्वतः आमच्या वाड्यावर, म्हणजे घराला लागून असलेल्या मेंढरांच्या काटेरी कुपाटीपाशी, येऊन उभे राहिले. उंच, गोरापान माणूस, मिशांना तेल लावलेलं. बरोबर चपराशी, गावचे पाटील, आणि पांढऱ्या दाढीचे, पाठीत वाकलेले एक मुन्शी. साहेबांना एडक्यांच्या टकरींचा भारी नाद होता हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी खांबापाशी बसलेला आमचा एडका पाहिला आणि त्यांचे डोळेच लकाकले.

"वाह!" साहेब म्हणाले. "ये सरकारजमा करो."

पाटील लगेच म्हणाले, "झाला, हुजूर. झालाच समजा."

आबांनी हात जोडलेले होतेच. मीही जोडले. आणि दारातून, पदराआडून, स्वच्छ आवाज आला, "कावून?"

सगळे दाराकडं बघायला लागले. आईनं कपाळाला हात लावला.

"कावून न्यायलाव त्याला?" ती म्हणाली. "त्यानं काय गुन्हा केला?"

"क्या बोलती ये?" साहेबांनी विचारलं.

मुन्शींनी घसा साफ केला. "वजह पूछ रही है, हुजूर."

साहेब मोठ्यानं हसले. राग आला असता तर बरं, असं ते हसणं होतं. "बोलो इसकू, सरकारकू वजह नहीं लगती."

चपराशानं ते आम्हाला मराठीत सांगितलं, जणू आम्हाला कळलंच नव्हतं. "सरकारला सबब लागत न्हाई, बाई."

चपराशी एडक्याला ओढायला गेला. एडका बसलेला होता तो बसूनच राहिला. चपराशानं शिंगावर काठी हाणली. तसे साहेब भडकले. टकरीचं जनावर, त्याचं शिंग चिरलं तर काय उपयोग! त्यांनी तिथल्या तिथं हुकूम सोडला, "ये आजसे सरकारी है. इसकू कोई मारा, हाकल्या, हात लगाया, तो सीधा हवालात! दवंडी पिटवाव!" पाटलांनी गावात दवंडी दिली. दुसऱ्या दिवशी पाटोद्यातही दिली गेली.

आता मारायचं नाही, ढकलायचं नाही, तर न्यायचा कसा? मग तिलाच पुढं चालायला लावलं. ओंजळीत हुरडा घेऊन ती चालत होती आणि एडका तिच्या मागून, शिवेपर्यंत. तिथं फळी लावून तो गाडीत चढला, कारण ती आधी चढली होती. ती उतरली, गाडी हलली. एडक्यानं मागं वळून एकदाच आवाज दिला. ती परत आली ती थेट गोठ्यात गेली. मी हात धुताना खांबाकडं बघून तोंड उघडलं आणि मिटलं. बोलणार कुणाशी?

आठ दिवस गेले. मग पाटोद्याहून बातम्या यायला लागल्या.

पहिली बातमी आणली कासारणीनं. एडका कोंडला तर दार फोडतो, बांधला तर दावं तोडतो. मारायची तर सोय नाही, साहेबांचाच हुकूम. म्हणून चपराशानं त्याला मोकळा सोडला, आणि सरकारी आहे हे लोकांना कळावं म्हणून आपला पितळी बिल्ला त्याच्या गळ्यात बांधला. "तुमचा एडका नोकरीला लागला की वं," कासारीण माझ्या आईला म्हणाली.

मग रोज नवं काही. एडक्यानं बाजारात एका माळिणीची मेथीची जुडी उचलली. हात तर लावता येत नाही. माळिणीनं हात जोडले आणि म्हणाली, "खावा, सरकार, अजून हाय." एडका शेठजीच्या दुकानात शिरला आणि गादीवर बसला, शेठजी दुपारपर्यंत पायरीवर उभे. रस्त्याच्या मधोमध एडका रवंथ करत उभा होता, तर टांगेवाला खाली उतरून लांबून त्याला विनवत होता, "जरा बाजूला होता का, साहेब?" आमच्या गावचे एक म्हातारे सांगायचे की आपण स्वतः त्याला सलाम केला, बिल्ला दिसला की हात आपोआप वर जातो, खाली चेहरा कुणाचा आहे हे बघायची सवय कुणाला?

हे सगळं ऐकताना चुलीपाशी माझी बायको पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायची. हसता हसता मध्येच थांबायची आणि डोळे पुसायची. एक दिवस भाकरी थापता थापता, कुणाकडं न बघता, ती खांबाला म्हणाली, "मला बघायचंय त्याला."

मी खांबालाच उत्तर दिलं. "आबा न्हाई म्हनतेल."

आईनं ते ऐकलं. आईनं आबांना काय सांगितलं असेल? दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तिकडं बघत, म्हणजे माझ्याकडं न बघता, म्हणाले, "बाजारला घोंगड्या न्यायच्यात. सुनबाईला बी ने. घोंगडीची वीण बाईमाणसाला चांगली सांगता येती म्हनं." आणि खाकरले.

आम्ही निघालो. गावाच्या शिवेपर्यंत मी पुढं, ती दहा पावलं मागं. शीव ओलांडली, बाभळीचं बन लागलं, मागं वळून पाहिलं तर ती माझ्या शेजारीच होती. लग्नाला आठ महिने झाले होते आणि दिवसाच्या उजेडात मी तिचा चेहरा नीट पहिल्यांदा बघत होतो. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके होते. मला दोनच माहीत होते.

"काय बघायलाव?" ती म्हणाली.

"कुठं काय."

"बोला की. इथं कोन खाकरनार हाय?"

आणि मला काही सुचेना. एडक्याशी इतकं बोलणारा मी, नुसता हसत सुटलो. तीही हसायला लागली. दोन कोस आम्ही कशावर हसत होतो ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. तरवडाच्या झुडपातून तित्तर उडाला, हसलो. माझ्या खांद्यावरची घोंगडी घसरली, हसलो. एक वाटसरू आमच्याकडं बघून वाट सोडून लांबून गेला, त्याच्यावर तर बसून हसलो.

पाटोद्यात पोचलो तर बाजार भरलेला, पण विकणारं कुणी नाही आणि घेणारंही कुणी नाही. जिल्ह्याहून एक बडे साहेब यायचे होते. अमीनसाहेबांनी सगळ्या बाजाराला माल सोडून कचेरीच्या रस्त्यावर दोन रांगांत उभं केलं होतं, हात जोडून. आम्ही पोचलो तसं चपराशानं आम्हालाही रांगेत ढकललं आणि ओरडून सांगितलं, "साहेबाचा हुकूम हाय! बडे साहेब येईपर्यंत जागचं कुनी हलायचं न्हाई! हाललं त्याला फटके!" सकाळपासून लोक उन्हात उभे होते. माझ्या शेजारी एका म्हातारीच्या टोपलीतल्या भाज्या सुकून गेल्या होत्या. ती तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होती. देवाचं नाव ते नव्हतं.

कचेरीसमोर जनावरांना पाणी प्यायची मोठी दगडी डोणी होती, काठोकाठ भरलेली. तिच्या पलीकडं, सावलीत, आमचा एडका बसला होता. अंगावर मांस चढलं होतं, गळ्यात बिल्ला चमकत होता.

"हाक मारू?" बायकोनं विचारलं.

"हलू नको," मी म्हणालो. "हुकूम हाय."

तेवढ्यात कचेरीतून अमीनसाहेब आले. पांढरी शुभ्र शेरवानी, लाल तुर्की टोपी, अंगाला अत्तर. डोणीपाशी येऊन ते रस्त्याकडं तोंड करून ताठ उभे राहिले. चांगलेच ताठ.

एडका उठला.

त्यानं साहेबांकडं पाहिलं, आणि चार पावलं मागं सरला. साहेबांनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि बहुधा त्यांना वाटलं की जनावरसुद्धा अदब राखतंय. माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. भर बाजारात!

मग धडक बसली. आवाज असा झाला की जोत्यावरचं कबुतर उडालं. अमीनसाहेब हवेत गेले म्हणणार नाही, पण जमिनीवर नव्हते एवढं नक्की. ते थेट डोणीत बसले. टोपी पाण्यावर तरंगत राहिली.

रांगेतलं कुणी हललं नाही. हात जोडलेले तसेच.

साहेब उठले. एडका चार पावलं मागं सरला. साहेब बसले. एडका थांबला. साहेबांनी पुन्हा उठायचा प्रयत्न केला, एडक्यानं मान खाली घातली, साहेब पुन्हा बसले.

"पकडो!" साहेब ओरडले. "अरे पकडो इसकू!"

चपराशी एक पाऊल पुढं आला आणि थबकला. तो लबाडी करत होता की खरंच घाबरला होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो म्हणाला, "हुजूर, सरकारी हाय त्यो. हात लावला तर हवालात. तुमचाच हुकूम."

"मैं हुकूम वापस लेता!"

"तर मग दवंडी द्यावी लागंल, हुजूर. दवंडीवाला रांगंत हुबा हाय. हलू का म्हनून विचारायलाय."

साहेबांनी रांगेकडं बोट केलं. ते बोट माझ्यावरच आलं. "ए धनगर! तू! पकड उसकू!"

मी जन्मात कधी साहेबाला उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशीही दिलं नाही. मी जोडलेले हात आणखी वर केले आणि म्हणालो, "मायबाप, जागचं हलू नका म्हनलाव."

कुठंतरी रांगेत कुणाच्या तरी नाकातून हवा सुटली. शेजारच्या म्हातारीनं पदर तोंडावर घेतला, तिचे खांदे हलत होते. मी दातांनी जीभ धरली होती. हसू बाहेर पडलं असतं तर बाजारभर फटके पडले असते, म्हणून शेदोनशे माणसं गाल फुगवून, डोळे मोठे करून, हात जोडून उभी होती. मला वाटलं माझ्या बरगड्या मोडतात.

तेव्हा माझ्या बायकोनं माझा हात सोडला आणि रांगेतून बाहेर गेली. माझं हसू जागच्या जागी गोठलं.

डोणीपासून दोन हातांवर ती उभी राहिली. पदर नीट केला. "माझं ऐकतो त्यो," ती म्हणाली. "पन मी हात कसा लावू? सरकारी हाय न्हवं?"

"नहीं है!" साहेब ओरडले. "सरकारी नहीं है ये! किसका है? तेरा है क्या?"

"माजा हाय."

"तो ले जाव! जल्दी!"

दूर रस्त्यावर धूळ दिसायला लागली होती. बड्या साहेबांची बैल जुंपलेली दमणी येत होती. अमीनसाहेबांनी ती पाहिली, आणि माझ्या बायकोनंही पाहिली.

"तोंडी न्हाई," ती म्हणाली. "उद्या मलाच चोर म्हनताल. लिवून द्या."

कचेरीच्या पायरीवर ते पांढऱ्या दाढीचे मुन्शी उभे होते. कुणी सांगायच्या आत ते दौत-कलम घेऊन पायरीवर बसले आणि गुडघ्यावर कागद धरला. इतक्या चपळाईनं त्यांनी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नसेल. लिहिता लिहिता ते मोठ्यानं वाचत होते, आणि रांगेतल्यांना कळावं म्हणून मधून मधून मराठीतही सांगत होते. हा एडका अमुक गावच्या अमुक धनगराच्या सुनेचा आहे. सरकारचा कधीच नव्हता. यापुढं त्याच्यावर कोणाचाही हक्क नाही.

"आन् नेला कावून हुता, ते बी लिवा," ती म्हणाली.

मुन्शींचं कलम थांबलं. त्यांनी अतिशय अदबीनं डोणीकडं पाहिलं. "हुजूर, वजह?"

अमीनसाहेब पाण्यात बसलेले. एडका समोर. दमणीच्या घुंगरांचा आवाज आता ऐकू यायला लागला होता. साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सांगण्यासारखं काही असतं तर त्यांनी नक्की सांगितलं असतं.

"वजह," मुन्शी लिहिता लिहिता स्वच्छ आवाजात म्हणाले, "कुछ नहीं."

त्यांनी कागद साहेबांपुढं धरला. साहेबांनी ओल्या हातानं सही केली. बायकोनं कागद घेतला, पदरात खोवला, आणि "ये ये, हुर्र, ये" अशी हाक मारली. एडका लगेच वळला आणि तिच्या मागून असा चालायला लागला जणू कालच गाडीमागून चौसाळ्याहून आला होता.

मीही रांगेतून निसटून तिच्यामागं गेलो. आम्ही बाजाराच्या टोकाला पोचलो तेव्हा दमणी कचेरीसमोर थांबली. अमीनसाहेब डोक्यापासून पायापर्यंत निथळत, टोपी डोक्यावर दाबत सलाम करत होते. टोपीतून कपाळावर पाणी ओघळलं. आणि मग कुणीतरी, मला वाटतं त्या भाजीवाल्या म्हातारीनंच, हसू सोडलं. ती एक सुटली आणि अख्खा बाजार सुटला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते, पोटं धरून खाली बसत होते. बडे साहेब दमणीतून उतरले, दोन्ही रांगांकडं पाहून हसले, आणि मोठ्यानं म्हणाले, "माशाल्ला! यहाँकी रयत बडी खुश है!"

ते ऐकून माझी बायको रस्त्यातच बसली. मीही बसलो. एडका आमच्याकडं बघत उभा राहिला. घोंगड्या विकायच्या राहिल्या हे आम्हाला अर्ध्या वाटेत आठवलं, आणि त्यावरही आम्ही हसलो.

घरी मात्र आबांचं तोंड पांढरं पडलं. "काय केलं गं हे," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मेंढरं डोंगरात हलवली. घोड्याची टाप ऐकू आली की आम्ही कान टवकारायचो. भीती खोटी नव्हती. अमीनसाहेबांनी मनात आणलं असतं तर आमचं घर धुळीला मिळवायला त्यांना एक दिवस पुरला असता. मी रोज म्हणायचो, आज येतील. बायको म्हणायची, "येऊ द्या, कागद हाय." मला कागदाचा तेवढा भरवसा नव्हता.

दहाव्या दिवशी चपराशी आला. एकटाच, पायी. दारात उभा राहून त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि खाली बघत म्हणाला, "बाई, माजा बिल्ला ऱ्हायलाय."

तो खरंच एडक्याच्या गळ्यातच राहिला होता. आम्हाला त्यात गंमत वाटायची म्हणून कुणी काढला नव्हता. चपराशी सांगत होता की बिल्ल्याशिवाय त्याला कुणी ओळखत नाही; एका गावात बाज मागितली तर लोक म्हणाले, तू कोण? त्याचे डोळे भरून आले. आईनं त्याला ताक दिलं. आमच्या घरात तो पहिल्यांदाच दिलेलं काही पीत होता, आणि त्याला ते कसं धरावं ते कळत नव्हतं. दोन्ही हातांनी गडवा धरून प्यायला. बायकोनं बिल्ला सोडून दिला. जाताना त्यानंच सांगितलं की अमीनसाहेब आमच्या गावाचं नाव काढत नाहीत. कुठंही दौऱ्यावर गेले की कुणीतरी लांबून, अगदी साधेपणानं विचारतं, "साहेब, पानी पायजे का?" आणि साहेब घोडं वळवतात.

काही महिन्यांनी त्यांची बदली झाली. आमच्यामुळं असं मी म्हणणार नाही. बदल्या होतच असतात. वेठही काही संपली नाही. नवे अमीन आले, त्यांचे दौरे आले. तेलगावकडच्या आमच्या पाव्हण्यांचे बैल त्याच साली ऐन कापूस वेचणीत पंधरा दिवस नेले होते.

पण आमच्या दारात मात्र एक गोष्ट घडली. नव्या साहेबांचा दौरा होता, आणि तोच चपराशी आला. काठी त्यानं वर केलीच नाही. ओसरीपाशी थांबून आबांना म्हणाला, "कोकरू हाय का, आबा, देन्यासारखं?"

विचारलं होतं त्यानं. आबा हात जोडायला निघाले होते, ते अर्ध्यातच थांबले. आतून आम्ही तिघं श्वास रोखून ऐकत होतो.

"न्हाई," आबा म्हणाले.

"बरं," चपराशी म्हणाला, आणि पुढं गेला.

आबा तसेच उभे. चपराशी वळणावर दिसेनासा झाला, तरी उभे. मग ते हळूच पुन्हा म्हणाले, "न्हाई." चव घेतल्यासारखं. थोड्या वेळानं कुपाटीकडं गेले आणि मेंढरांना सांगितलं, "न्हाई!" शेजारी विळा मागायला आला तर त्यालाही "न्हाई!" म्हणाले, आणि मग स्वतःच हसत विळा काढून दिला. दिवसभर हेच. आईनं विचारलं, "पानी देऊ का?" "न्हाई!" "वाकळ उन्हात टाकू का?" "न्हाई!" साठीला आलेला माणूस, नुकतंच मिसरूड फुटलेल्या पोरासारखा अंगणातून ताठ फिरत होता.

जेवायच्या वेळी आईनं ताट वाढून विचारलं, "भाकर खाताव का?"

"न्हाई!" आबा गरजले, मांडी घालून ताटावर बसले, आणि चार भाकरी खाल्ल्या.